खरखर

आवाजांच्या बाबतीत मराठी भाषा किती श्रीमंत आहे, याचा प्रत्यय मला साहित्याच्या वर्गात फारसा कधी आला नाही. तो आला मोटारीच्या वायरिंगचे काम करणाऱ्या एका मिस्त्रीच्या दुकानात. जो ध्वनी आपणांस नको असतो त्याला इंग्रजीत 'नॉइज' असे एकच नाव देऊन मोकळे होण्याची रीत आहे. बारीकसारीक भेद दाखविणारे शब्द त्या भाषेत नाहीत असे कोण म्हणेल? निदान ती भाषा शिकवून पोट भरणाऱ्या मजसारख्याने तरी म्हणू नये. परंतु शास्त्राचा विषय निघाला की हे सारे शब्द एकाच पोत्यात कोंबले जातात. आपल्याकडे मात्र दाराची करकर निराळी आणि रहाटाची कुरकुर निराळी. मोहरीची तडतड, पाचोळ्याची सळसळ, भुंग्याची गुणगुण, म्हाताऱ्या छातीतील घरघर या प्रत्येकीचे घर ठरलेले आहे. रेडिओच्या वाट्याला आली ती खरखर. हा शब्द कोणी प्रथम योजिला ते ठाऊक असण्याचा संभव नाही. पण ज्याने योजिला त्याचा कान फार चांगला असला पाहिजे.

मोटार आणि रेडिओ यांचे वैर जन्मजात आहे. पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरात ठराविक क्षणी एक ठिणगी पडावी लागते. तिच्यासाठी बारा व्होल्टांच्या बॅटरीतील वीज कॉइलमधून नेऊन दहा ते वीस हजार व्होल्टांपर्यंत चढवावी लागते. चार सिलिंडरांचे नेहमीचे इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल तर मिनिटाला ३००० ठिणग्या पडतात, म्हणजे सेकंदाला ५०. आता ठिणगी म्हणजे काय? १८८७ च्या सुमारास जर्मनीतील कार्ल्सरूए येथे हर्ट्झने विद्युल्लहरी प्रथम सिद्ध केल्या त्या ठिणगीच्याच साहाय्याने. १८९५ साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोसांनी बिनतारी लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखविली तीही ठिणगीच्याच जोरावर. आणि मार्कोनीने अटलांटिकपार संदेश धाडला तोही तिच्याच बळावर. बिनतारी विद्येचा सारा बालपणाचा काळ ठिणग्यांच्या उजेडात गेला. पुढे या ठिणगीच्या प्रेषकयंत्रांना आंतरराष्ट्रीय करारांनी हद्दपार केले, कारण ठिणगी एका लहरीवर बोलत नाही. ती सगळ्या लहरींवर एकदम ओरडते. जहाजांवरून आणि किनाऱ्यांवरून जी हद्दपार झाली ती मोटारीच्या बॉनेटखाली मात्र सुखाने नांदत राहिली. म्हणजे तुम्ही-आम्ही गाडी चालवितो तेव्हा एक जुने बिनतारी केंद्रच बरोबर घेऊन हिंडत असतो, आणि त्याच्यापासून चार फुटांवर दुसरे यंत्र ठेवून त्यातून गाणे ऐकू पाहतो.

त्यातून मध्यम लहरींवरचा कार्यक्रम लहरीच्या उंचसखलपणावर स्वार होऊन येतो. ठिणगीही नेमका तोच उंचसखलपणा बिघडविते. कोणता चढउतार गायिकेचा आणि कोणता प्लगचा, हे बिचाऱ्या रेडिओला कसे कळावे? आर्मस्ट्राँग नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९३३ मध्ये ज्या पद्धतीची पेटंटे मिळविली, आणि जिला आज आपण एफ. एम. म्हणतो, तीत ही अडचण पुष्कळच कमी झाली. पण ती गोष्ट पुढची. १९३० साली शिकागोचे पॉल व जोसेफ गॅल्व्हिन हे बंधू मोटारीत बसेल असा विकाऊ रेडिओ करावयास निघाले, तेव्हा त्यांच्या माणसांचा बराच वेळ रेडिओ करण्यात नव्हे, तर इंजिनाचे तोंड बंद करण्यात गेला असे सांगतात. त्या वर्षी पॉलने आपल्या स्टुडबेकर गाडीत तो रेडिओ बसविला आणि अटलांटिक सिटी येथे भरलेल्या रेडिओ-उत्पादकांच्या संमेलनाकडे गाडी हाकली. आत मांडामांड करण्याला त्याला जागा मिळालेली नव्हती. म्हणून त्याने गाडी बाहेरच उभी केली आणि रेडिओ मोठ्याने लावला. त्या रेडिओला जे नाव दिले तेच, मोटोरोला हे, पुढे सर्व जगाला ठाऊक झाले.

आमच्या घरची गाडी या वैराच्या दृष्टीने अगदी नमुनेदार होती. १९८६ सालची पद्मिनी; कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली. माझे वडील, ज्यांना आम्ही सर्व अण्णा म्हणतो, त्यांनी ती नवी घेतली तेव्हा ते एका साखर कारखान्याच्या वीजघरात अभियंता होते. गाडीबरोबरच त्यांनी तिच्यात मध्यम लहरींचा एक रेडिओ बसवून घेतला. दोन खुंट्या, एक काच आणि काचेमागे सरकणारी तांबडी सुई. एवढेच त्याचे ऐश्वर्य. कारखान्याच्या वसाहतीतून साताऱ्याला येताना अण्णा तो लावीत. पुणे केंद्राचा ७९२ हा आकडा मला पाढ्यांच्या आधी पाठ होता, असे माझी आई म्हणत असे. त्यात मातृसुलभ अतिशयोक्ती धरली पाहिजे, कारण गाडी आली तेव्हा मी चांगला पंधरा-सोळा वर्षांचा होतो.

मी सांगतो ती हकिकत २०१८ सालच्या उन्हाळ्यातील. अण्णांनी तेव्हा ऐंशी ओलांडली होती. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यामुळे त्यांचे सकाळचे फिरणे बंद झाले होते. म्हणून कॉलेजला सुट्टी लागली की रोज सकाळी सातच्या आत मी त्यांना पद्मिनीत पुढच्या आसनावर बसवून यवतेश्वराच्या घाटापर्यंत नेऊन आणीत असे. सात वाजून पाच मिनिटांनी पुणे केंद्रावरून प्रादेशिक बातम्या लागत. त्या ऐकणे हे अण्णांचे नित्यकर्म होते. स्नान एखादे वेळी उशिरा झाले तरी चालेल, बातम्या वेळेवर झाल्या पाहिजेत. घरात एवढी साधने असताना मोटारीतच बातम्या कशाला, असे माझ्या पत्नीने एकदा विचारले. अण्णा म्हणाले, "सूनबाई, घरातल्या बातम्यांना चेहरा असतो. मग मी चेहराच बघत बसतो."

त्या उन्हाळ्यात ते कुरकुर करू लागले. बातम्या नीट लागत नाहीत. मधून मधून तडतडते, आणि एक बारीक शीळ सारखी चालू असते. तडतड मलाही ऐकू येत होती आणि शीळही येत होती. गाडीला बत्तीस वर्षे झालेली. तिच्यात काहीच वाजले नसते तर मला अधिक चिंता वाटली असती. तरी अण्णांच्या बातम्यांचा प्रश्न होता. पोवई नाक्यापलीकडच्या एका बोळात जुन्या गाड्यांच्या वायरिंगचे काम करणारा एक मिस्त्री आहे असे कळले, म्हणून गाडी तिकडे नेली. अण्णा अर्थातच बरोबर आले. आपल्या गाडीची चिकित्सा आपल्या पश्चात व्हावी हे त्यांना खपण्यासारखे नव्हते.

मिस्त्रीने बॉनेट उघडले नाही. तो बाजूला उकिडवा बसला आणि त्याने विचारले, "आवाज कसला येतोय, सर? तडतड, का शिट्टी, का घुंईं?" एखाद्या वैद्याने पोटात दुखते म्हणणाऱ्याला 'टोचते की मुरडते' असे विचारावे तसा हा प्रश्न होता. तडतड म्हणजे ठिणगी. ती इंजिनाच्या वेगाबरोबर दाट होते. शीळ म्हणजे वीज उत्पन्न करणारा अल्टरनेटर. तिचा सूर वेगाबरोबर चढतो. घुंईं म्हणजे वायपर किंवा पंखा यांची लहान मोटर. ती इंजिनाला विचारीत नाही, आपले बटण दाबले की सुरू होते. आणखी एक कटकट असते ती दिशादर्शक दिव्याची. ध्वनींच्या या वर्गीकरणावर त्या गृहस्थाचा सारा चरितार्थ चालला होता, आणि आमच्या विद्यापीठांतील ध्वनिविचार त्याच्या अर्ध्यानेही उपयोगी पडल्याचे मला ठाऊक नाही.

नंतर त्याने जे केले ते मी दोन सकाळ स्टुलावर बसून पाहिले. पहिल्याने इंजिन बंद ठेवून नुसता रेडिओ लावला. मंद खरखरीखेरीज काही नाही, म्हणजे रेडिओ निर्दोष. मग इंजिन चालू केले; तडतड आणि शीळ दोन्ही हजर. मग त्याने रेडिओच्या पाठीमागून एरियलचा खुंट उपसून काढला. केंद्र गेले, तडतड गेली, शीळ राहिली. एवढ्या एका कृतीने दोन्ही चोरांचे मार्ग उघड झाले. तडतड हवेतून उडी मारून एरियलवाटे आत येत होती; शीळ विजेच्या तारेतून, घरच्या माणसासारखी पुढच्या दाराने येत होती. पुढची परीक्षा अधिक गमतीची. इंजिनाचा वेग वाढवून त्याने एकदम किल्ली बंद केली. रेडिओची तार थेट बॅटरीला जोडलेली असल्यामुळे तो चालूच राहिला. ठिणग्या थांबताच तडतड कात्रीने कापल्यासारखी थांबली; पण अल्टरनेटर अजून फिरत होता, म्हणून शीळ हळूहळू खाली उतरत उतरत विझली.

"आजोबा, शिट्टी उतरली का?" मिस्त्रीने खिडकीतून विचारले.

"उतरली," अण्णा म्हणाले, "आणि मग तशीच राहिली."

मिस्त्रीने त्यांच्याकडे पाहिले, पण काही बोलला नाही.

दुरुस्तीचा पहिला भाग मडगार्डावर झाला. एरियल जेथे बसविलेली असते तेथे तिच्या तारेचे बाहेरचे कवच गाडीच्या पत्र्याला घट्ट टेकले पाहिजे. बत्तीस पावसाळ्यांनी तेथे गंजाची गादी घातली होती. त्याने ती खरवडून पत्रा चकचकीत केला, दातेरी वॉशर घातला. तडतड निम्मी झाली. मग प्लगच्या तारा. या तारा आतून तांब्याच्या असल्या तर ठिणगी मोकाट सुटते; त्याऐवजी आत कार्बन असलेल्या, काही हजार ओहम अडथळा करणाऱ्या तारा घातल्या की ठिणगी पडते तशीच, पण तिचा ओरडा कमी होतो. प्लगही तसलेच असतात, पोटात प्रतिरोधक असलेले. कॉइलला एक कंडेन्सर लावला; तो किल्लीकडून येणाऱ्या टोकाला लावावयाचा असतो, पॉइंटकडच्या टोकाला नव्हे, नाहीतर पॉइंट जळतात. बॉनेट हे खरे म्हणजे ठिणग्यांवरचे लोखंडी झाकण. पण बिजागऱ्यांतील ग्रीस आणि रंग यांमुळे ते गाडीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेले असते. तांब्याची विणलेली एक पट्टी लावून त्याने ते पुन्हा अंगाशी जोडले. शेवटी अल्टरनेटरला एक मोठा कंडेन्सर आणि रेडिओच्या तारेत एक लोखंडी गाभ्याचे वेटोळे.

यात विशेष असे की, एक गोष्ट केली की तो थांबे, इंजिन चालू करी आणि ऐके. मी घाई केली तेव्हा म्हणाला, "एका टायमाला एकच, सर. चार औषधं एकदम दिली तर गुण कशानं आला ते कळत नाही." आमच्या समीक्षकांना हे वाक्य ऐकवावे असे मला तत्क्षणी वाटले. एका कवितेवर समाज, मन, इतिहास आणि भाषा अशी चार औषधे एकदम पाजून ती बरी झाल्याचे जाहीर करणारे पुष्कळ वैद्य माझ्या परिचयाचे आहेत.

काही खरखर मात्र गाडीची नसतेच. उच्च दाबाच्या विजेच्या तारांखालून जाताना मध्यम लहरींवर जो घरघराट उठतो त्याला मिस्त्री काय करणार? आणि जुन्या इंग्रजी हस्तपुस्तकांत एक चमत्कारिक दुखणे दिलेले असते: कोरड्या रस्त्यावर टायर घासून त्यात वीज साठते, ती पुढच्या चाकांच्या आसातील ग्रीसमुळे गाडीत उतरत नाही, आणि मग थांबून थांबून ठिणग्यांनी उडी मारते. यावर उपाय म्हणजे चाकाच्या टोपीत बसवावयाची एक लहानशी स्प्रिंग. रस्ता ओला झाला की हे दुखणे आपोआप बरे होते. तेव्हा साताऱ्याच्या पावसाळ्यात ते कोणाला जडत असेल असे वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काम संपले. इंजिन चालू, रेडिओ चालू. आणि त्यातून निवेदकाचा स्वर असा आला की जणू तो मागच्या आसनावर बसला आहे. मिस्त्रीने वेग वाढविला, कमी केला, दिवे लावले, वायपर चालविला, काही नाही. मी अण्णांकडे पाहिले.

"तडतड गेली," ते म्हणाले. "शीळ आहे."

मी कान काचेजवळ नेला. शीळ नव्हती. मिस्त्रीने एरियल काढली. "आता?" "आहे." इंजिनाचा वेग चढविला. "वाढली का, आजोबा?" "नाही. तेवढीच." मग त्याने सुई केंद्रावरून सरकवून दोन केंद्रांच्या मधल्या जागी आणली, जेथे नुसती खरखर असते. "आता नाही," अण्णा म्हणाले, आणि त्यांच्या कपाळावरची आठी गेली. मिस्त्रीने शेवटी किल्ली फिरवून सारे बंद केले. बोळात दुपारची सामसूम होती. अण्णा थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "आता तर चांगलीच आहे."

येथे मला त्या गोष्टीची आठवण होते, जी मी एका पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्याकडून पुष्कळदा ऐकली आहे. १९३१ च्या सुमारास अमेरिकेतील न्यू जर्सीत, होल्मडेल या गावी, कार्ल जान्स्की नावाच्या तरुण अभियंत्याला बेल प्रयोगशाळेने असेच खरखरीचे मूळ शोधावयास सांगितले होते. समुद्रापलीकडे बिनतारी टेलिफोन सुरू झाला होता आणि त्यात व्यत्यय येत होता. जान्स्कीने सुमारे शंभर फूट लांबीची एक एरियल उभारली आणि ती गोल फिरावी म्हणून तिला चाके लावली; ती फोर्डच्या मॉडेल टी मोटारीची होती. महिनोन् महिने ऐकून त्याने खरखरीचे तीन वर्ग केले: जवळच्या वादळांची, दूरच्या वादळांची, आणि तिसरी एक अखंड मंद सुसकारी, जिचे मूळ सापडेना. ती रोज चार मिनिटे लवकर येई, म्हणजे २४ तासांनी नव्हे तर २३ तास ५६ मिनिटांनी. सूर्य २४ तासांनी येतो, तारे २३ तास ५६ मिनिटांनी. ही सुसकारी आकाशगंगेतून येत होती. १९३३ साली त्याने ते प्रसिद्ध केले. त्याच होल्मडेलमध्ये १९६४ साली पेन्झियास आणि विल्सन यांना आणखी एक खरखर सापडली. तिच्यासाठी त्यांनी एरियलमध्ये घरटे केलेली कबुतरे हाकलली, त्यांची विष्ठा धुऊन काढली, तरी ती जाईना. ती विश्वाच्या आरंभीच्या उष्णतेची उरलेली धग होती, आणि १९७८ साली तिने दोघांना नोबेल पारितोषिक मिळवून दिले. माझे सहकारी ही गोष्ट सांगतात तेव्हा त्यांचा रोख कबुतरांवर असतो. मला मात्र ती मोटारीची चाके अधिक आवडतात.

मिस्त्रीने पैसे घेताना मला बाजूला बोलाविले. हात पुसता पुसता, माझ्याकडे न पाहता तो म्हणाला, "सर, गाडीत आता काय बी राहिलं नाही." मग थोडा थांबून, "मला बी येती ही शिट्टी. पंधरा वरसं झाली. वायरिंगच्या आधी पत्रा ठोकायचं काम केलं ना. रात्री पंखा लावून झोपतो, थंडीतसुद्धा. मंडळी ओरडत्यात घरची." आणि अण्णा गाडीत वाट पाहत होते म्हणून की काय, त्याने आवाज आणखी खाली आणला. "आजोबा कुठं कामाला होते?"

मी सांगितले, साखर कारखान्याच्या वीजघरात, टर्बाइनशेजारी, तीस वर्षे.

"मग," एवढेच तो म्हणाला.

कानाच्या डॉक्टरांनी आठवड्याने जे सांगितले ते याहून फारसे निराळे नव्हते. फक्त त्यांच्याजवळ आलेख होता. मनुष्याच्या एकेका अंतःकर्णात सुमारे १५,००० सूक्ष्म केसल पेशी असतात. मोठ्या आवाजाने आणि वयाने त्या मरतात. मेलेल्या पुन्हा उगवत नाहीत. उंच स्वरांच्या पेशी आधी जातात. अण्णांचा आलेख ३००० कंपनांपर्यंत बऱ्यापैकी सपाट चालत होता आणि पुढे घाटातल्या रस्त्यासारखा खाली उतरला होता. डॉक्टरांनी निरनिराळे स्वर वाजवून विचारले, तुमची शीळ यांपैकी कोणती? अण्णांनी ६००० च्या आसपासचा स्वर दाखविला. तेथेच त्यांचा कान सर्वांत बहिरा होता. असे का होते, यावर माझ्या सहकाऱ्यांनी रेडिओचाच दाखला दिला. केंद्र दुबळे झाले की चांगला रेडिओ आपली ग्रहणशक्ती आपोआप वाढवितो, म्हणून दोन केंद्रांच्या मधल्या रिकाम्या जागी खरखर सर्वांत मोठी वाटते. कानाकडून बातमी येईनाशी झाली की मेंदूही बहुधा तसेच करतो, आणि आपल्याच तारांतील खरखर त्याला ऐकू येऊ लागते. कर्णनाद हा आपल्या वैद्यकातील जुना शब्द आहे. निश्चित औषध जुन्या वैद्यकात नव्हते आणि नव्यातही नाही. बाहेरून एखादा मंद, सपाट आवाज चालू ठेवला की तो सुसह्य होतो, इतकेच.

गाडीत परत बसल्यावर अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "म्हणजे हे केंद्र माझ्याच डोक्यात आहे तर."

मी विचारले, "अण्णा, तुम्हाला ही शीळ केव्हापासून येते?"

त्यांनी आठवण्याचा प्रयत्न केला. निवृत्त झाल्यापासून तरी असावी, म्हणाले. म्हणजे तेवीस वर्षे. आधीची कदाचित कारखान्याच्या आवाजात कळली नसेल. तेव्हा टर्बाइनशेजारी काम करणारे लोक फार तर कानांत कापसाचे बोळे घालीत, आणि अण्णांना ते अभियंत्याला शोभणारे वाटत नसे.

"मग आजवर बोलला नाहीत ते?"

"अरे, बोलायचे काय? शांतता म्हणजे अशीच असते, असे मला वाटत होते."

या उत्तराने मी जितका अस्वस्थ झालो तितका डॉक्टरांच्या आलेखाने झालो नव्हतो. आम्ही एका घरात राहत होतो. पहाटे चारला उठून ओसरीवर बसणाऱ्या या मनुष्याला आम्ही सर्व शांतताप्रिय समजत आलो होतो. नातवंडांनी दंगा केला की माझी पत्नी त्यांना म्हणे, आजोबांना त्रास देऊ नका, बाहेर जा. आणि अण्णा काही बोलत नसत. आता विचार करता त्यांना तो दंगा हवा असला पाहिजे. तेवीस वर्षांत त्यांनी तक्रार केली ती फक्त गाडीच्या रेडिओपाशी, कारण तेथे दोष द्यावयाला एक यंत्र होते.

त्यांना कानाचे यंत्र मिळाले. ते त्यांनी लहरीप्रमाणे वापरले. पण त्यांचा खरा उपाय त्यांनी स्वतःच ठरविला. संध्याकाळी दिवेलागणीला ते काठी टेकीत शेडमध्ये जात, पद्मिनीत पुढच्या आसनावर बसत, आणि रेडिओची सुई पुण्याच्या जरा पुढे, जेथे कोणतेच केंद्र नाही अशा जागी नेऊन ठेवीत. आवाज अगदी बारीक. तास-दीड तास ते त्या खरखरीत डोळे मिटून बसत. त्यात रस्त्यावरच्या दिव्याची, शेजारच्या मिक्सरची, मोबाईल भारणाऱ्या स्वस्तातल्या यंत्राची, दूर महाबळेश्वराकडे कडाडणाऱ्या विजेची, अशी कितीतरी भर पडत असेल. मिस्त्रीच्या वर्गीकरणाप्रमाणे ती सारी निवडून काढता आली असती. आम्ही काढली नाही. बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी मी गाडी खंबाटकीच्या बाजूला फिरवून आणीत असे. शेजाऱ्यांनी प्रथम काही दिवस चौकशी केली. "बंद गाडीत बसून आजोबा काय ऐकतात?" "बातम्या," मी सांगे.

२०२१ च्या पावसाळ्यात अण्णा गेले, तोपर्यंत हा क्रम चालू होता.

मध्यम लहरींचे दिवस आता मोटारींत भरत आले आहेत, आणि त्याला कारण पुन्हा तेच जन्मजात वैर. विजेवर चालणाऱ्या गाड्यांत ठिणगी नाही. पण बॅटरीची वीज मोटरला देताना ती सेकंदाला हजारो वेळा तोडावी-जोडावी लागते, आणि त्या तोडजोडीचा गलका मध्यम लहरींवर पसरतो. अमेरिकेतील काही कारखान्यांनी मग त्या लहरींचा रेडिओच गाडीतून काढून टाकला. फोर्डनेही २०२३ मध्ये तसे ठरविले होते, पण लोकांचा व कायदेमंडळातील सभासदांचा ओरडा होताच बेत बदलला. संकटकाळी सरकारी सूचना याच लहरींवरून दूरवर पोहोचतात, असे त्यांचे म्हणणे, आणि ते खोटे नाही. निरनिराळ्या देशांची एक समिती १९३४ पासून असल्या व्यत्ययांची मर्यादा ठरविण्याचे काम करीत आली आहे. तिच्या नियमांमुळे आजच्या गाड्यांतील रेडिओ आमच्या पद्मिनीतल्यापेक्षा शतपटीने निर्मळ वाजतात, यात शंका नाही.

तसली एक निर्मळ गाडी आम्ही २०२० च्या जानेवारीत घेतली. पहिल्या दिवशी अण्णांना पुढे बसवून मी ती माहुलीपर्यंत नेली. काचा बंद होत्या. इंजिन चालू आहे की नाही हे कळू नये इतकी आत निःशब्दता होती. अण्णांनी रेडिओच्या पडद्यावर बोट ठेवले. एक केंद्र लागले. गाणे अगदी स्वच्छ. त्यांनी पुन्हा बोट ठेवले. आकडे भराभर पळाले आणि दुसरे केंद्र लागले. आकडे पळत असताना रेडिओ गप्प होता. त्यांनी तीन-चारदा तसे करून पाहिले. मग मागे टेकून म्हणाले, "अरे, यात दोन केंद्रांच्या मधली जागाच ठेवलेली नाही." आणि त्यांनी आपल्या बाजूची काच खाली केली.